मागितलेला रंग

सात रस्त्यापासून आत वळलं की दुसऱ्या गल्लीत माझं पार्लर आहे. खाली दुकान, वर घर. लग्नसराईत दुपारच्या वेळी तिथं बसायला जागा नसते. गेल्या हिवाळ्यातल्या अशाच एका दुपारी तीन बायका तोंडाला लेप लावून, डोळे मिटून बसल्या होत्या आणि चौथी आपल्या फोनवरचा एक व्हिडिओ सगळ्यांना मोठ्यानं ऐकवत होती. पुढं म्हणे असा काळ येणार आहे, की मूल पोटात राहायच्या आधीच डॉक्टर त्याच्या पेशीत हात घालून हवं ते बदलून देतील. उंची, बुद्धी, केस, डोळे. शिंप्याकडं माप द्यावं तसं आईबापांनी सांगायचं आणि तसं मूल घरी आणायचं.

लेप सुकत आला की बोलायचं नसतं, त्याला भेगा पडतात. पण त्या दिवशी कुणी ऐकेना. पहिली म्हणाली, रंग. दुसरी म्हणाली, रंगच. तिसरीनं आधी हुशारी म्हटलं, मग जरा थांबून मुलगा असला तर हुशारी आणि मुलगी असली तर रंग, अशी दुरुस्ती केली. फोनवाली हसून म्हणाली, मग तर पार्लरं बंद पडतील. आणि तिनं मलाच विचारलं, "ताई, तुमाला कुणी विचारलं असतं तर तुमी काय मागितलं असतं?"

लेप लावल्यावर गप्प बसणारी गिऱ्हाइकं, असं मी म्हटलं. सगळ्या हसल्या आणि सगळ्यांचे लेप तडकले. मी आत गेले, नळ सोडला आणि धुतलेल्याच वाट्या पुन्हा विसळत उभी राहिले. मला कुणीतरी विचारलं होतं, आणि मी मागितलंही होतं.

मी काळी आहे. सावळी, निमगोरी, गव्हाळ असले शब्द लोकांनी माझ्यासाठी दयेपोटी वापरून बघितले, मी ते कधी घेतले नाहीत. माझं माहेर करकंबचं. लग्नाच्या वयात मला बघायला माणसं यायची तेव्हा आई त्यांना संध्याकाळचीच वेळ द्यायची, कारण आमच्या पुढच्या खोलीत पिवळा बल्ब होता. ट्यूबलाइट लावायची असं वडील दरवर्षी म्हणायचे आणि माझं लग्न होईपर्यंत थांब, असं आई म्हणायची. एकदा मुलाचा मामा चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "पोरी, जरा दाराकडं उजेडात ये की." मी उठले, दाराकडं गेले आणि तशीच पुढं चालत मळ्यात निघून गेले. त्या स्थळाचं काय झालं ते सांगायला नको.

शेवटी बार्शीच्या एका मुलानं होकार दिला. सोलापुरात सरकारी कचेरीत नोकरी, स्वभाव शांत, आणि रंग असा, की आमच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याला दोघांना एकाच उजेडात कसं बसवावं ते कळेना. त्यानं मला हो का म्हटलं हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी मला रागच आला असता.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. सोलापुरातले डॉक्टर झाले, मग पुण्यातले. पुण्याच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अखेर स्पष्टच सांगितलं, की माझ्या बीजात दम नाही, पण गर्भाशय उत्तम आहे. बीज दुसऱ्या बाईचं घ्यायचं, नवऱ्याचं बीज त्यात मिळवायचं, गर्भ बाहेर तयार करायचा आणि तो माझ्या पोटात वाढवायचा. ती बाई कोण हे आम्हाला कधी कळणार नाही आणि आम्ही कोण हे तिला कळणार नाही. मी लगेच हो म्हटलं. इतक्या सुया टोचून घेतल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो.

मग आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं समजावून सांगायचं काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी रक्तगट विचारला, उंची विचारली, शिक्षण किती असलं तर चालेल ते विचारलं. हे सगळं मला कुठंतरी ओळखीचं वाटत होतं आणि का ते उमगत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, रंग कसा हवा. तेव्हा उमगलं. हा बघायचा कार्यक्रम होता. फरक इतकाच, की या वेळी मी पाव्हण्यांच्या जागी बसले होते आणि पोह्यांच्या बश्या घेऊन येणारी मुलगी कुणी दुसरीच होती, जी दिसतही नव्हती.

त्या बाई आम्हाला मदत म्हणून म्हणाल्या की बहुतेक सगळे गोराच सांगतात, आणि साहेब गोरेच आहेत तेव्हा काही प्रश्न येणार नाही. नवऱ्यानं मान डोलवायला सुरुवात केली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्यासारखा," मी म्हटलं. "माझ्याहून एक छटासुद्धा उजळ नको."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मुलगी झाली तर काय, असं अगदी हळू आवाजात विचारलं. मुलगी होऊ दे म्हणूनच सांगतेय, असं मी म्हटलं. ते खरं नव्हतं. मुलगा की मुलगी याचा मी तोवर विचारही केला नव्हता. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

सोलापूरला परत येताना नवऱ्यानं गाडीत कारण विचारलं. मी त्याला पटेल असं कारण दिलं. मूल गोरं झालं तर काही नाही, पण नाकडोळे भलतेच निघाले तर लोक कुजबुजतील; रंग माझा असला की बाकी कुणी बघत नाही. तो समजूतदार माणूस आहे, त्याला पटलं. खरं कारण मी खिडकीबाहेर बघत स्वतःशीच घोळवत होते. मूल माझं नसणार, तर निदान रंग तरी माझा असू दे. आणि थोडा नुसता राग. त्या मामावर, पिवळ्या बल्बवर, आणि कोण जाणे, बहुधा आईवरही.

दिवस राहिले तशा सासूबाई बार्शीहून एसटीनं केशर आणि नारळ घेऊन आल्या. घरात खरी गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. रोज सकाळी केशराचं दूध, दुपारी शहाळं, संध्याकाळी लोणी-साखर. जे पांढरं असेल ते माझ्या पोटात गेलं पाहिजे, म्हणजे मूल उजळ होतं, यावर त्यांचा पक्का विश्वास. मी मुकाट्यानं प्यायचे. एकदा पेला ओठाला लावलेला असताना मला इतकं हसू फुटलं, की दूध साडीवर सांडलं. सासूबाईंना वाटलं, बाळ हललं.

मुलगी झाली. बारशाला घरभर बायका जमल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांनी बाळाची वाटणी केली. कपाळ आजोबांचं, बोटं आत्याची, जिवणी चुलत्याची. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतली आणि सुस्कारा टाकला. "समदं आमच्यावर गेलंय बघा. रंग तेवढा आईचा घेतला न्हवं."

बायकांनी माझ्याकडं चोरून बघितलं, मला लागलं असेल म्हणून. माझ्या मात्र अंगावर मूठभर मांस चढलं. असला टोमणा ऐकून इतकी खूश झालेली सून सोलापूर जिल्ह्यात दुसरी नसेल. मी आत जाऊन रडले, आणि तेही आनंदानंच.

पण आनंदाला घोर लागायला वेळ लागला नाही. मुलगी वाढायला लागली तशी मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. तिची प्रत्येक खोड कुठून आली ते मला कळायला हवं असायचं. ती डाव्या हातानं पेन्सिल धरायची. आमच्या दोन्ही घरांत डावखुरं कुणी नाही. तिचा गळा गोड निघाला. माझ्या सासरी-माहेरी आरतीसुद्धा कुणाला सुरात म्हणता येत नाही. असं काही दिसलं की मी ते मनात मांडून ठेवायचे. मग मी उलट्या बाजूच्या गोष्टी गोळा करायला लागायचे. ती रिक्षावाल्याशी माझ्यासारखी हुज्जत घालते. राग आला की माझ्यासारखी भांडी घासायला घेते. चहा बशीत ओतून आधी त्याच्याकडं रोखून बघते, जणू त्यानं काही गुन्हा केलाय, आणि मग पिते. हे तर हुबेहूब माझं. हे कुठल्या पेशीतून आलं नाही, हे माझ्याकडं बघून बघून आलं, असं मी मनाला बजावायचे. दुसऱ्या दिवशी ती काहीतरी नवीन करायची आणि माझा हिशेब पुन्हा कोलमडायचा.

पुण्याला गेले की आणखीच वाईट. स्टॅन्डवर, मंडईत, रस्त्यात काळ्या बायकांच्या तोंडाकडं मी टक लावून बघायचे. ही असेल का? हिची जिवणी तशी आहे का? ही गात असेल का? एका बाईनं मला फटकारलंही, काय बघताय म्हणून. काम अर्धं राहायचं आणि मी मिळेल त्या गाडीनं सोलापूर गाठायचे. घरी आल्यावर मुलीला उगाच जवळ ओढायचे. ती वैतागून म्हणायची, सोड की आई, घाम आलाय तुला.

या सगळ्या पाळतीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि तीच मी बघितली नाही. मुलगी माझ्या पार्लरमध्ये वाढली. रांगायची काउंटरच्या मागं, अक्षरं लागली ती क्रीमच्या खोक्यांवरची. पाच-सहा वर्षांची असताना ती बाहुलीला खुर्चीवर बसवून, तोंडाला पावडर थापून, माझ्याच आवाजात म्हणायची, "काळजी करू नका ताई, दोन टोन तरी उजळ होईल." गिऱ्हाइकं हसून लोटपोट व्हायची. मी पण हसायचे. ती माझी नक्कल करते याचं मला अप्रूप होतं. माझा रोजचा धंदा काय होता? बघायला येणार म्हणून आलेल्या मुलींना उजळ करून देणं. तोंडाशी आलेली वाक्यं होती ती, मी ती बोलते हे मलाही ऐकू येत नसे. तिला रोज ऐकू येत होती.

गेल्या वर्षी ती अकरावीला गेली, आणि त्याच सुमाराला माझ्या नणंदेच्या मुलीचं बार्शीत लग्न ठरलं. नवरीच्या मागं करा आणि दिवा घेऊन चालायचा मान करवलीचा असतो, आणि तो मान मामाची मुलगी म्हणून आमच्या लेकीचा. साखरपुड्याला ती नटूनथटून आली होती. फोटोंच्या वेळी फोटोवाला तिला सारखा मागच्या रांगेत ढकलत होता, मग पुढं आणून दिव्याची छत्री हलवत होता, मग पुन्हा मागं. नणंद सगळ्यांदेखत सहज म्हणाली, "वहिनी, तुमचं तर दुकानच हाय की. दोन येळा ब्लीच मारा, फोटोत उठून दिसंल पोरगी."

नणंद मनानं वाईट नाही, जे डोक्यात येतं ते तोंडात येतं इतकंच. मी पण सोडली नाही. करवलीच्या हातात दिवा असतोच, तिनं स्वतः कशाला उजळायला पाहिजे, असं म्हटलं. सगळे हसले. मी मनात म्हटलं, जिंकले. मुलीकडं बघितलं तर ती बांगड्या मागं-पुढं करत होती.

लग्नाच्या आधी मी नवरीचा मेकअप ठरवायला एक दिवस बार्शीला गेले. मुलीचा क्लास होता म्हणून ती घरी थांबली. ब्लीचच्या क्रीममध्ये पावडर किती घालायची याचं माप असतं, चिमूटभर जास्त झाली तर कातडी सोलते. आधी हातावर लावून बघायचं असतं. हे तिला माहीत होतं, लहानपणापासून बघत होती. पण घाई होती आणि दोन टोननं भागणार नव्हतं. तिनं पावडर भरपूर घातली आणि आग व्हायला लागली तरी सहन केली. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगते, थोडं चुरचुरणारच, दम धरा. तिनं दम धरला.

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती ओला टॉवेल तोंडावर धरून पंख्याखाली बसली होती. मी टॉवेल काढला. दोन्ही गाल, हनुवटी लालबुंद, डोळ्यांखाली फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, ऊन पूर्ण बंद सांगितलं. डाग राहतील का, असं मी विचारलं. राहिले तर आसपासच्या कातडीपेक्षा गडद राहतील, असं ते म्हणाले आणि माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं. कारण मी पार्लरवाली, हे त्यांना माहीत होतं.

दोन दिवसांनी मी तिच्या गालाला मलम लावत होते. ती डोळे मिटून होती. एकदम म्हणाली, "आई, मी पप्पांवर गेले असते ना, तर हे काहीच झालं नसतं."

मी मलम पुढं पसरत राहिले.

"लहान असताना लई राग यायचा तुझा. वाटायचं, हिनंच दिलाय हा रंग. आता नाही येत. तू काय मुद्दाम दिलास का? कुणाच्या हातात असतंय का ते?"

माझं बोट तिच्या गालावर थांबलं. ती मला माफ करत होती. मोठ्या मनानं, सगळं समजून उमजून, अशा गोष्टीसाठी जी तिला ठाऊकच नव्हती. मी उठले, मलमाचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले ओले कपडे काढून आणले.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. गिऱ्हाइकाच्या भुवया करताना दोरा तुटायचा. तिला सांगायचं का? सांगितलं आणि ती म्हणाली, मग तू माझी कोण, तर? ही भीती मी तिच्या जन्मापासून पोटात बाळगून होते. न सांगावं तर ती माफी अशीच घेऊन बसायचं, चोरीच्या वस्तूसारखी. नवऱ्याला विचारलं. तो जेवता जेवता थांबला. "आता कशाला उकरून काढायचं?" म्हणाला. "इतकी वर्षं सुखात गेली की. पोरीला त्रास, तुला त्रास." मला त्याचा भयंकर राग आला. त्याचं काय जात होतं? ती त्याची होतीच, रक्तानं होती, कुणी काही सांगितलं तरी राहणार होती. उसनवारीवर होते ती मी. असं मी त्याला फाडकन बोललेही. तो ताट तसंच ठेवून उठला.

लग्नाच्या दिवशी करा दुसऱ्याच मुलीनं धरला. आमची लेक म्हणाली, मी या तोंडानं येणार नाही. नवरीच्या मेकअपला मी माझ्या ओळखीच्या बाईला पाठवलं, नणंद फोनवर फणफणली, आणि नवरा एकटाच बार्शीला गेला. जाताना दारात थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी आज सांगणार हे त्यालाही कळलं असावं.

पार्लर बंद होतं. आम्ही दोघी वर स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगा सोलत बसलो होतो. मी सुरुवात चुकीचीच केली. पेशी, बीज, गर्भ असं शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागले. तिला वाटलं, बारावीनंतर काय शिकायचं ते मी सांगतेय. मग मी थेट बोलले. माझ्या बीजानं मूल होत नव्हतं. दुसऱ्या एका बाईचं बीज घेतलं. ती कोण ते माहीत नाही, कधी कळणारही नाही. पप्पा तुझेच आहेत. पोटात तुला मी वाढवलं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे मी तुझी नाही?"

इथं थांबता आलं असतं. आहेस, माझीच आहेस, असं म्हणून तिला जवळ घेता आलं असतं आणि रंगाची गोष्ट माझ्याबरोबर संपली असती. पण तिनं मला माफ केलं होतं ते बीजासाठी नव्हे.

"माझीच आहेस," मी म्हटलं. "आणि रंग मी मुद्दाम दिला. त्यांनी विचारलं होतं. गोरी मिळाली असतीस. मी काळी मागितली."

ती उठली. मांडीवरची टरफलं झटकावीत तसं सगळं अंगावरून झटकून उठली आणि जिन्यानं खाली बंद पार्लरमध्ये गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. खाली चारी भिंतींना आरसे आहेत. मी जिन्यात बसून राहिले. रडण्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसले होते, पण काहीच येत नव्हतं. तेच जास्त वाईट होतं.

पुढचे काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पप्पांशी बोलायची, त्यांच्या ताटातलं खायची, त्यांच्या गाडीवर मागं बसून कॉलेजला जायची. आतल्या खोलीतून दोघांच्या हसण्याचा आवाज आला की मला वाटायचं, झालं, गेली. मी जे जपायला बघत होते ते मीच हातानं सोडून दिलं. मी भांडी घासायला घ्यायचे. एकदा तीही त्याच वेळी भांडी घासायला आली. आम्ही शेजारी उभ्या राहून, न बोलता, स्वच्छ भांडी घासत होतो.

मग एके सकाळी मी शटर वर करून झाडत होते तेव्हा ती खाली आली. गालाची साल निघाली होती, खाली डाग उरले होते, गडदच. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली, "ती पण काळी होती?"

"असणार. मी तशीच सांगितली होती."

"म्हणजे काळी आहे म्हणूनच तिला घेतली."

"हो."

ती खुर्ची अर्धी इकडं, अर्धी तिकडं फिरवत होती. "तिला सांगितलं असंल का कुणी? की तुला काळी म्हणून निवडलंय म्हणून?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. असलं कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे होतं की, असं ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी झाडू ठेवला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिनं तो झटकला नाही. मला वाटलं, सुटले. इतक्या वर्षांचा घोर संपला. मी चहा टाकायला वर निघाले.

"मग हितं येणाऱ्या पोरींना तू उजळ का करतेस?" तिनं मागून विचारलं. "त्यांच्या आयांनी रंग मागितला नव्हता म्हणून?"

मी तिला सांगितलं की याच्यावर घर चालतं. मी नाही म्हटलं तर त्या पलीकडच्या गल्लीत जातील. तिथं निष्काळजीपणा असतो, मी निदान जपून करते. बघायला येणारी माणसं तीच आहेत, मी एकटी काय करणार. सगळं खरं होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि म्हणाली, हे मी विचारलंच नव्हतं.

त्याला आता बरेच महिने झाले. डाग पुष्कळ फिके पडलेत. ती मला आई म्हणते, माझ्याशी भांडते, माझ्या बशीतला चहा पळवते. पण तो प्रश्न तिनं सोडलेला नाही. जेवताना विचारते, गाडीवरून जाताना कानाशी तोंड आणून विचारते, गिऱ्हाईक ब्लीच लावून बसलेलं असताना दारात उभी राहून नुसती बघते. मी चिडते, विषय बदलते, उठून जाते. ती थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. एकदा धरलं की सोडायचं नाही, हे अगदी माझं. आणि हे मात्र मी कुणाकडंही मागितलं नव्हतं.